खनिज तेलाची विद्या आणि आपला हक्क

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेडा गावचे एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यात कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. साखर कारखान्यात नोकरी, घरची दोन एकर जमीन, आणि यंत्र अभियांत्रिकीची पदवी नुकतीच मिळविलेला एक मुलगा. या मुलास 'तेल व वायू व्यवस्थापन' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे. राज्याबाहेरील एका खासगी विद्यापीठात त्यास जागा मिळते आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँक तारण मागते, म्हणून जमीन गहाण टाकण्याचे ठरले होते. "वकीलसाहेब, खत नीट लिहिलंय का, एवढं पाहून द्या," असे ते म्हणाले. खत नीट लिहिलेले होते. परंतु जमीन गहाण टाकावी की नाही, हे त्यांनी मला विचारले नव्हते; आणि खरा प्रश्न तोच होता.

त्या मुलाची इच्छा वेडगळ आहे असे कोणीही समजू नये. शहाद्यावरून तळोदा, अक्कलकुवा करीत जो रस्ता पश्चिमेस जातो तो अंकलेश्वरला पोहोचतो, आणि त्या अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात १९७४ साली 'मुंबई हाय'चा शोध लागला व १९७६ पासून तेथील तेल निघू लागले. राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदाप्रमाणे सागरतळाखालील ही सारी संपत्ती संघराज्याची आहे. नैसर्गिक वायूच्या प्रसिद्ध दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेही सांगितले की, सरकार या संपत्तीचे केवळ विश्वस्त असून खरे धनी जनता आहे. या धन्यांपैकी लोणखेड्याच्या आमच्या वस्तीचा तेलाशी आजवर संबंध आला तो टँकरवर चालक म्हणून किंवा पंपावर पैसे मोजणारा गिऱ्हाईक म्हणून.

तेलाचे दिवस आता भरले, असे सांगणारे विद्वान भेटतात. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे साल जाहीर केले आहे. तोवर हा मुलगा निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत असेल! आज देश आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. ते कोणत्या कराराने आणावयाचे, शोधकार्याचे क्षेत्र कोणास कोणत्या अटींवर द्यावयाचे, नळवाहिनीचे भाडे किती ठरवावयाचे, शुद्धीकरण कारखान्यात कोणते कच्चे तेल परवडते, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे हा विषय होय. पूर्वी शोधकार्याच्या करारात खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्यात सरकारचा वाटा असे. २०१६ च्या धोरणाने तो उत्पन्नातच ठरविला. या एका फरकाने कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात. असे निर्णय जेथे होतात त्या खोलीत आपला मनुष्य असणे, यालाच मी हक्क म्हणतो.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनाचे येथे स्मरण करणे भाग आहे. कला व कायदा यांचे शिक्षण अस्पृश्य वर्गास फारसे उपयोगी पडणार नाही, त्यास विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी त्यात स्वच्छ म्हटले होते. त्यासाठी देशातील शिक्षणाकरिता वार्षिक दोन लाख व परदेशातील शिक्षणाकरिता एक लाख रुपयांची मागणी त्यांनी केली. हे सांगणारे स्वतः बॅरिस्टर होते. मीही विधि महाविद्यालयाचाच पदवीधर आहे, आणि आमच्या तालुक्यात वकिलांचा तुटवडा नाही, एवढेच बोलून मी पुढे जातो.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण प्रामुख्याने खासगी विद्यापीठांच्या हाती आहे. २००३ साली डेहराडून येथे निघालेले पेट्रोलियम व ऊर्जा विद्यापीठ त्यांतले जुने होय. गांधीनगरलाही २००७ पासून असे विद्यापीठ आहे. ९३ व्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात पाचवे उपकलम आले. खासगी संस्थांतही आपल्या मुलांसाठी जागा राखून ठेवणारा कायदा करण्याचा अधिकार त्याने शासनास मिळाला, आणि २०१४ साली घटनापीठाने तो वैध ठरविला. महाराष्ट्राने २००६ साली आपल्यापुरता कायदा केलाही. परंतु त्याची सत्ता राज्याच्या सीमेवर संपते, आणि देशभर लागू होईल असा कायदा संसदेने केलेला नाही. अधिकार आहे, अंमल नाही!

दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. एका राज्यातील अनुसूचित जातीचा मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला म्हणजे त्या राज्याच्या राखीव जागांवर त्याचा हक्क राहत नाही. मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशावरून निघालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हा निर्णय दिला. म्हणजे लोणखेड्याचा मुलगा उत्तराखंडात गेला की तेथील राज्याच्या दृष्टीने तो अनुसूचित जातीचा नव्हेच. केंद्राच्या संस्थेत मात्र त्याचा दाखला पूर्ण चालतो. अमेठी जिल्ह्यातील जायस येथील राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था ही संसदेच्या २००७ च्या कायद्याने स्थापन झालेली केंद्राची संस्था आहे. तेथे व्यवस्थापनाचेही पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि अनुसूचित जातींसाठी पंधरा टक्के जागा राखीव असतात. त्या गृहस्थांच्या पिशवीत खासगी विद्यापीठांची चार रंगीत माहितीपत्रके होती. जायसचे नाव त्यांनी ऐकलेही नव्हते.

नोकरीच्या बाबतीतही असाच घोटाळा आहे. राखीव जागा तेलाच्या सार्वजनिक कंपन्यांत आहेत, खासगी कंपन्यांत नाहीत. या सार्वजनिक कंपन्या अभियंते घेतात ते मुख्यतः 'गेट' परीक्षेच्या गुणांवर किंवा स्वतःच्या परीक्षेने; व्यवस्थापनाची महागडी पदवी आहे म्हणून कोणी दार उघडून उभे राहत नाही. आणि तो दरवाजा तरी कायमचा आहे काय? बर्मा शेल सरकारने १९७६ साली ताब्यात घेतली व तिची भारत पेट्रोलियम झाली. तीच कंपनी विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१९ साली घेतला. २०२२ साली तो मागे पडला खरा, पण विक्री झाली असती तर तेथील राखीव जागा कोणताही आरक्षणाचा कायदा न बदलता नाहीशा झाल्या असत्या. पेट्रोल पंपांच्या वितरणात अनुसूचित जाती व जमातींस साडेबावीस टक्के वाटा आहे. पण नाव आपल्या माणसाचे आणि गल्ल्यावर बसलेला दुसराच, असे दावे मी स्वतः चालविले आहेत. भांडवल व व्यवसायाचे ज्ञान या दोहोंच्या अभावी परवाना भाड्याने दिला जातो. निदान ज्ञानाची उणीव तरी शिक्षणाने भरून निघावी.

म्हणून माझी मागणी महाराष्ट्र शासनाकडे आहे. मुंबई हायचे तेल व वायू रायगड जिल्ह्यातील उरणला येतात. त्याच जिल्ह्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे शासकीय तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि तेथे पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकविली गेली आहे. या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे शासकीय शुल्कात का निघू नये? आणि तो निघेपर्यंत, राज्याबाहेर शिकणाऱ्या मुलाचे संपूर्ण शुल्क शासनाने का भरू नये? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख आहे. कारखान्यात कायम नोकरीला असलेला कामगार तिच्या बाहेर पडतो, आणि गावचे खासगी विद्यापीठाचे शुल्क भरण्याइतका श्रीमंत मात्र तो कधीच होत नाही.

त्या गृहस्थांना मी खतावर सही करू नका असे सांगितले. मुलाने यंदा 'गेट' द्यावी आणि जायससाठी व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेसही बसावे. वर्ष गेले तरी चालेल, जमीन जाता कामा नये. मुलगा नाराज झाला. त्याच्या मित्राने पैसे भरलेसुद्धा, असे तो म्हणाला. मी त्याचा दाखला मागितला, तर त्यावर केवळ 'नवबौद्ध' असा उल्लेख निघाला. केंद्राच्या संस्थेस तो पुरत नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले आहे, परंतु त्या आदेशातील यादी जातींची असल्यामुळे दाखल्यावर मूळ जात लिहिलेली लागते. जी टाकून दिली तीच पुन्हा लिहून मागावी लागते, याचे त्या मुलास फार वाईट वाटले, आणि ते वाटणे रास्त होते. नव्या दाखल्याचा अर्ज सोमवारी शहाद्याच्या प्रांत कार्यालयात दिला आहे.