नातवाचे इंजिन आणि आजोबांची नजर

डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका वाचकांचे पत्र आमच्याकडे आले आहे. मुलाने नातवाला रुळांवर धावणारे छोटे डिझेल इंजिन आणून दिले. नातू खूष, पण आजोबा नाखूष. ते लिहितात, "हे इंजिन साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत आहे. तेलाचा डाग नाही, धूर नाही, धरायला दांडी नाही. मी आयुष्यभर जे काम केले ते हेच, असे पोराला कसे सांगू?"

प्रश्न खेळण्याचा वाटला तरी तेवढाच नाही. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या वर्कशॉपवर आणि शेडवर पेटली. बाप काय काम करतो हे मुलांना डब्यावरून आणि कपड्यांच्या वासावरून कळे. आता तेही दिसेनासे होत चालले आहे. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले. ज्या इंजिनांवर या आजोबांचे हात काळे झाले ती नातवाला आता म्युझियममध्ये पाहावी लागतील. म्हणून या खेपेस आम्ही छोट्या इंजिनाला खऱ्याच्या जवळ कसे न्यावे ते लिहीत आहोत.

हा छंद मुळात विलायतेचा आणि अमेरिकेचा, आणि तो महाग आहे हे खोटे नाही. पण खर्च असतो तो इंजिन विकत घेताना. सुधारणेला लागणारे सामान बहुतेक घरातच निघते. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना एकदा दाखवण्यासारखे आहे.

नमुना म्हणून आम्ही डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन घेतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे. आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. १९६४ पासून ते वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागले; त्या कारखान्याचे नाव २०२० साली बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन, वेग ताशी १२० किलोमीटर.

आता माप. एच.ओ. नावाच्या प्रमाणात खऱ्याचे ८७ भाग करून एक घ्यायचा. सतरा मीटरचे इंजिन साडेएकोणीस सेंटिमीटर होते, १०९२ मिलिमीटर व्यासाचे चाक साडेबारा मिलिमीटरचे. रुळांतच एक खोट आहे. एच.ओ.चे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला सव्वाएकोणीस हवेत. म्हणजे आपले इंजिन या रुळांवर जरा आखडून उभे राहते. ही तडजोड आम्हाला मान्य आहे, कारण रूळ नव्याने बनवणे हे मुलांचे काम नव्हे.

पहिले काम कापण्याचे नाही, बघण्याचे. समोरून, बाजूने आणि जमल्यास पुलावरून काढलेले फोटो जमवा. केबिन एका टोकाकडे असते. तिच्या एका बाजूस लांब हूड, दुसऱ्या बाजूस आखूड. काही इंजिनांचे आखूड हूड खाली घेतलेले असते आणि पुढच्या काचा मोठ्या. त्यांना 'जंबो' म्हणत. दोन्हींची सरमिसळ करू नये. आणि बोगी नीट पाहा. सहा आस, प्रत्येक बोगीत तीन. पण मधला आस बरोबर मध्यावर नसतो, ट्रॅक्शन मोटारींच्या मांडणीमुळे एका बाजूला सरकलेला असतो. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्या इंजिनाला आपला रंग फासला असेल तर हा फरक तिथेच उघडा पडतो. शेडमध्ये काम केलेल्या माणसाला तो लांबून कळतो, इतरांना दाखवावा लागतो. चालत्या मॉडेलची बोगी बदलणे अवघड. ती तशीच ठेवावी, पण मुलाला फरक सांगून ठेवावा.

खरेपणा सर्वात जास्त येतो तो दांड्यांमुळे. स्वस्त मॉडेलवर दांड्या प्लॅस्टिकच्या, जाडजूड, अंगाला चिकटलेल्या असतात. खरी दांडी साधारण तीन सेंटिमीटर जाडीची धरली तर ८७ने भागून एक तृतीयांश मिलिमीटर होते. जुन्या वायरीतली तांब्याची तार एवढीच बारीक निघते. तार दोन पकडींत धरून किंचित ओढली की सरळ होते. चिकटलेली दांडी पात्याने हळूहळू तासून काढावी. हे मोठ्या माणसाने करावे. मग बारीक भोके पाडून तार बसवावी आणि आतून थेंबभर चिकटवणी लावावी. भोकांच्या जागा आधी पेन्सिलीने आखा. दांडी वाकडी बसली तर सगळे इंजिन वाकडे दिसते.

काचांसाठी नव्या शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद चालतो. जाड प्लॅस्टिकपेक्षा केव्हाही बरा. हूडच्या शेवटी रेडिएटरचा पंखा असतो, तिथे बारीक जाळी बसवावी. ब्रेकच्या नळ्यांना काळी बारीक वायर. पुढे गार्ड, वर हॉर्न, दोन बोगींच्या मध्ये पाच हजार लिटरची डिझेलची टाकी. यात विशेष कौशल्य नाही, चिकाटी मात्र पाहिजे.

रंग देताना खिडक्या उघड्या ठेवा आणि स्टो किंवा गॅस बंद. एका खोलीच्या घरात थिनरचा वास आणि पेटती चूल एकत्र नकोतच. एक जाड थर देऊ नये, दोन पातळ द्यावेत. जाड रंगाखाली दारांच्या कडा बुजतात.

चालण्याकडे मुलांचे जास्त लक्ष असते. इंजिन अडखळत असेल तर आधी चाके स्पिरिटने पुसा. बहुतेक वेळा दोष मळाचा असतो. चढावर चाके घसरत असतील तर आत दोनचार नटबोल्ट चिकटवून वजन वाढवा, पण दोन्ही बोगींवर सारखे. शिसे वापरू नका, मुले ते हाताळतात. तेल सुईच्या टोकाने, एकच थेंब. आणि वेग आवरा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला ३८ सेंटिमीटर. मालगाडी ताशी चाळीसने धरली तर सेकंदाला तेराच. पोरे गाडी सोडतात ती बंदुकीच्या गोळीसारखी. हा हिशेब मुलाकडूनच करवून घ्यावा, तेवढाच भागाकाराचा सराव.

शेवटी मळ. इथे दुकानातला कारागीर काही कामाचा नाही, आजोबाच पाहिजेत. धुराड्यापासून हूडच्या माथ्यावर काजळी पसरलेली असते. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जाते, पण टर्बोची हवा यायला क्षणभर उशीर होतो. म्हणून तो काळा लोट. टाकीच्या तोंडाखाली डिझेल सांडल्याचा ओला काळा ओघळ. इंजिनाच्या दारांखाली तेलाचे डाग. बोगीवर मात्र तेल आणि ब्रेकची तांबूस धूळ मिसळलेली. कोळशाची बारीक पूड काजळीला आणि विटेची पूड धुळीला चालते. कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली घासा, कारण पाऊस आणि तेल वरून खालीच येते. मुलांचा हात इथे सुटतो आणि इंजिन भंगारातून काढल्यासारखे दिसू लागते. शेडमधले इंजिन मळके असे, पण टाकलेले नसे. डाग कुठे पडतो एवढेच न सांगता तो पुसायला कोण कुठे उभा राही, हेही आजोबांनी त्याच वेळी सांगावे.

केबिनच्या बाजूला इंजिनाचा नंबर आणि शेडचे नाव येते. नंबर आजोबांनी ज्यावर हात चालवला त्या एखाद्या इंजिनाचाच घाला. तो बहुधा त्यांच्या तोंडपाठ असेल.