फूटभर उंचीची किंमत

ब्रिटनमध्ये रस्त्यांवरचे कित्येक रेल्वेपूल इतके बुटके होते, की साडेचौदा फुटी डबलडेकर त्यांखाली अडायची आणि साडेतेरा फुटी सुटायची. या एका फुटापायी तिथल्या प्रवाशांनी अनेक वर्षं फार सोसलं.

1927 मध्ये लेलँड कंपनीच्या ‘टायटन’ या डबलडेकरने वरच्या मजल्यावरची मधली वाट उजव्या कडेला नेली आणि चरासारखी खोल केली. टप खाली आला. पण बाकं झाली चार-चार जणांची. पलीकडच्या खिडकीशी बसलेल्याला उतरायचं तर तिघांना उठवावं लागे, तिकीट देताना कंडक्टरला पार ओणवं व्हावं लागे. चराचा तळ खालच्या मजल्यावर डोक्याशी येई, म्हणून उठताना डोकं सांभाळा अशी सूचना बसमध्येच लावलेली असे. यंत्राची अडचण माणसाच्या माथी मारण्याचा हा प्रकार होता.

ब्रिस्टलच्या कारखान्याने 1949 मध्ये ‘लोडेका’ या डबलडेकरचा पहिला नमुना काढला, तेव्हा प्रश्नाला खालून हात घातला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट एरवी मधोमध असतो, म्हणून जमीन त्याच्या वर ठेवावी लागते. लोडेकात तो बाजूला घेतला आणि मागचा आस मध्यभागी खाली वाकवला. आतली जमीन खाली गेली. उंची साडेतेरा फुटांच्या आसपास राहूनही दोन्ही मजल्यांवर मधली वाट परत आली, आणि मागच्या फलाटावरून आत शिरताना पायरीच उरली नाही. साठच्या दशकातल्या ‘एफ’ मालिकेत तर खालची जमीन सपाट झाली. म्हाताऱ्या माणसाला, कडेवर मूल असलेल्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग ही बस सगळ्या शहरांत का दिसली नाही? ब्रिस्टल आणि या बसच्या बॉडी बांधणारा लोस्टॉफ्टचा कारखाना 1948 मध्ये सरकारी झाले होते. त्यांचा माल सरकारी बसकंपन्यांनाच विकता येई. नगरपालिका आणि खासगी कंपन्या बाहेर. त्यांच्यासाठी गिल्डफर्डच्या डेनिसने परवाना घेऊन 1956 पासून ‘लोलाइन’ बांधली, पण ती जेमतेम तीनशेच्या आत राहिली. लोडेका पाच हजारांवर गेल्या. सार्वजनिक कारखान्यात जन्मलेली इतकी माणसाळलेली रचना बाकीच्या प्रवाशांपासून दूर ठेवणं हा धोरणाचा अन्यायच होता.

विक्रीचं बंधन सुटलं 1965 मध्ये, लेलँडने ब्रिस्टलमध्ये भागीदारी घेतल्यावर. तोवर मागे इंजिन असलेली, तशीच बुटकी होऊ शकणारी ‘डेम्लर फ्लीटलाइन’ बाजारात रुळली होती. 1968 मध्ये लोडेकाचं उत्पादन थांबलं.