पहिली काठी, पहिलं रील

गळाने मासे धरायची हौस लागली की पहिला विचार खरेदीचा येतो, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून ज्यांना यंदा पाऊस सरल्यावर पहिल्यांदा पाण्यावर बसायचं आहे त्यांना एकच सांगणं आहे: काठी ठरवण्याआधी पाणी ठरवा. सुट्टीच्या दिवशी सहज पोचता येईल असं जवळचं पाणी. तिथे एकदा रिकाम्या हाताने जाऊन या. धक्क्यावर किंवा बांधाच्या दगडांवर कुणीतरी काका गळ टाकून बसलेले असतातच. त्यांच्या बाजूला शांत बसा आणि ते जरा मोकळे झाले की विचारा, काका, इथे काय लागतं, केवढं लागतं, आणि तुम्ही किती पौंडाची तंगूस लावता? तंगूस म्हणजे गळाची दोरी. एवढ्या उत्तरांत निम्मी खरेदी होऊन जाते.

पाण्यापाण्यात फरक फार आहे. उजनीच्या फुगवट्यावर चिलापी धरायची तर हलकी काठी, बारीक तंगूस, गांडूळ आणि तरंगतं बूच एवढ्यावर भागतं. रोहू-कटला असलेल्या तलावात कणकेचा गोळा लावून तासन्‌तास बसावं लागतं, पण लागला तर मासा चार-पाच किलोंचाही निघतो. खाडीतली तांबोशी आणि जिताडा खडकाच्या कपारीत, कांदळवनाच्या मुळांत दबा धरून असतात. आमिष तोंडात घेतलं की त्यांची पहिली धाव परत मुळांकडेच असते, आणि मुळांवर घासून बारीक तंगूस क्षणात तुटते. मरळ पाणवनस्पतींच्या दाटीत राहते, तिला गवतासकट ओढून काढायला जाड काठी लागते. ही सगळी कामं करणारी एक काठी कुठल्याच दुकानात मिळत नाही. तशी आहे असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

मात्र पुष्कळ कामं बऱ्यापैकी करणारी काठी आहे. ७ फूट लांबीची, मध्यम ताकदीची, दोन तुकड्यांत येणारी स्पिनिंग काठी. मुठीच्या वर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात, ते वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एक आकडा लांबीचा. दुसरा, ही काठी किती वजन फेकू शकते त्याचा. १० ते ३० ग्रॅमच्या आसपास असेल तर नवशिक्याला ठीक. शिसं आणि आमिष मिळून वजन त्याहून कमी झालं तर काठी वाकतच नाही आणि फेक जवळच पडते. फार जास्त झालं तर शेंडा मोडतो. तिसरा आकडा तंगुशीचा, ८ ते १५ पौंड असा काहीसा. हे आकडेच छापलेले नसतील तर ती काठी खाली ठेवा, मग रंग कितीही देखणा असो. फक्त समुद्राच्या धक्क्यावरूनच टाकायचं असेल तर लांबी ८ ते ९ फूट घ्या, म्हणजे लाटेच्या पलीकडे फेक जाते.

काचतंतूची घ्यायची की कार्बनची, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. कार्बनची काठी हलकी असते आणि माशाने टोचलेलं लगेच हातात कळतं, पण दगडावर आपटली की तिला चीर जाते. काचतंतूची जड, पण सोशिक. पहिल्या वर्षी काठी आपटणारच, दारात अडकणारच, तेव्हा काचतंतूची किंवा दोन्हींच्या मिश्रणाची घ्यावी असं माझं मत आहे. आणि कार्बनची घेतलीत तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: कार्बनमधून वीज वाहते. आभाळात गडगडलं की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हायचं, आणि विजेच्या तारांखाली तर ती कधीच उचलायची नाही. ओली काठी कुठलीही असो, तारेजवळ नेणं जिवावर बेततं.

घडीची, एकात एक सरकणारी काठी पिशवीत मावते म्हणून अनेकांना मोह होतो. तिच्यात तंगूस ओवायच्या कड्या फक्त प्रत्येक नळीच्या टोकाला बसवता येतात, त्यामुळे ताण सारखा वाटला जात नाही. शिवाय वाळूचा कण आत गेला की नळ्या अडकतात. दोन तुकड्यांची ७ फुटी काठी साडेतीन फुटांची होते. प्लॅस्टिकच्या नळीत घालून लोकलमधून किंवा दुचाकीवरून आरामात नेता येते.

आता रील. पहिलं रील स्पिनिंगचंच घ्या, म्हणजे काठीच्या खाली लोंबतं ते. काठीच्या वर बसणारं, अंगठ्याने थोपवायचं बेटकास्टिंग रील नंतर कधीतरी. त्याची फिरकी फेकीपेक्षा जोरात फिरली की तंगुशीचा असा गुंता होतो की अख्खी सकाळ तो सोडवण्यात जाते. आकार २५०० किंवा ३००० पुरतो. फक्त समुद्रासाठी ४०००. या आकड्यांचं माप कंपनीगणिक थोडं बदलतं, म्हणून रील काठीला लावून हातात धरून बघा. मूठ जिथे धरता तिथे तोल यायला हवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने गुंडाळणं बरं, फेकल्यावर काठी हात बदलत नाही. बहुतेक रीलची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते.

खोक्यावर बेअरिंगची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. तिच्याकडे पाहू नका. चांगली चार बेअरिंग सुमार बारापेक्षा कितीतरी बरी. ड्रॅगच्या कमाल किलोंचंही तसंच. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस हळूहळू सोडणारी व्यवस्था. ती तंगुशीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. १२ पौंडाची तंगूस म्हणजे सुमारे साडेपाच किलोंची. तिला दीड किलोच्या आसपास ड्रॅग झाला. मग खोक्यावरचे दहा किलो काय कामाचे? पाहायचं ते हे की ड्रॅग झटके न देता एकसारखा सुटतो का. दुकानातच तंगूस बांधून हाताने ओढून बघा. घरी प्रवासाचं सामान मोजायचा हाताचा काटा असेल तर त्याने ड्रॅग नेमका लावता येतो.

दुकानात लाज न बाळगता तपासा. रीलची मूठ हळू फिरवा, आत खरखर नको. मूठ वरखाली हलवा, फार ढिली नको. तंगूस अडवणारी तार दहा वेळा उघडा-मिटा. तिच्या टोकाची बारीक चकती बोटाने फिरते का बघा, ती अडली तर तंगुशीला पीळ पडतो. फिरकीच्या कडेवरून नख फिरवा, खाच नको. काठी डोळ्यासमोर धरून कड्या एका रेषेत आहेत का पाहा आणि प्रत्येक कडीतून कान साफ करायची कापूसकाडी फिरवा. आतल्या वर्तुळाला केसाएवढी चीर असली तरी कापसाचे धागे अडकतात. ती चीर पुढे तुमची तंगूस कापत राहते. चांगला दुकानदार हे सगळं करू देतो, उलट त्यालाही बरं वाटतं. ऑनलाइन मागवलंत तर खोकं उघडल्याबरोबर हेच करा आणि दोष दिसला तर त्याच दिवशी परत पाठवा.

सगळ्यात जास्त हयगय होते ती तंगुशीची. तयार संचात काठी, रील, पेटीभर रंगीत रबरी मासे आणि रीलवर आधीच गुंडाळलेली तंगूस असं सगळं मिळतं. ती तंगूस काढून टाका. मोठा मासा जातो तो बहुतेक वेळा गाठीमुळे किंवा खराब तंगुशीमुळे. पहिली तंगूस साधी नायलॉनची, १० ते १२ पौंडाची घ्या. विणलेली दोरी बारीक आणि मजबूत असते, पण ती ताणत नाही, बोट कापते, खडकावर लवकर घासते आणि नवख्या हातात पटकन गुंतते. नायलॉन ताणतं, म्हणून हाताची चूक सांभाळून घेतं. उन्हाने ते कमकुवत होतं, तेव्हा दुकानाच्या काचेत उन्हात पडलेलं रीळ घेऊ नका आणि हंगामाला एकदा नवं भरा. भरताना फिरकीच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. कमी भरलं तर फेक आखडते, जास्त भरलं तर वेटोळी सुटून पडतात. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच दुबळं होतं. खाडीत जाणार असाल तर गळाच्या आधी दोन-अडीच फूट ३० ते ४० पौंडाचा जाड तुकडा जोडा.

पैशांचं म्हणाल तर काठीपेक्षा रीलवर थोडे जास्त घाला. दोन्ही मिळून तीन-चार हजारांत उत्तम सुरुवात होते. त्यातून उरतील त्यांत लांब चोचीची पक्कड घ्या, काही शिसं, दोन बुचं आणि वेगवेगळ्या मापांचे गळ. गळाचे आकडे उलटे चालतात: ८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान, आणि १ च्या पुढे १/०, २/० असे मोठे होत जातात. पक्कड टाळू नका. शेंगटीच्या काट्याची वेदना तासन्‌तास जात नाही; तिच्या तोंडातला गळ हाताने काढायचा नसतो. त्याच पक्कडीने गळाची उलटी नखी दाबून टाका, म्हणजे लहान मासा ओल्या हाताने धरून इजा न करता परत सोडता येईल. बोटात गळ रुतला तर तोही सोपा निघेल.

खाऱ्या पाण्यातून परत आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, फडक्याने पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. रील बादलीत बुडवू नका, मीठ आत जातं.

दहा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर यातलं काहीच घेऊ नका. बांबूची काठी, तेवढीच लांब तंगूस, बूच आणि लहान गळ. बूच बुडाल्यावर कधी उचलायचं ते यावर जितकं चांगलं कळतं तितकं रीलवर कळत नाही.

आणि पाण्यावर जाण्याआधी परवानगीचं बघा. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या लोकांचं पोट त्यावर आहे, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात टाकायचाच नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या ठिकाणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या मासे देवाचे म्हणून राखले आहेत, तिथे काठी नेऊही नका. तुटलेली तंगूस एक वीतभरसुद्धा काठावर सोडू नका, बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायांना तिचे फास बसतात. पावसाच्या पहिल्या सरींना ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. तेवढे दिवस नवी काठी कितीही खुणावत असली तरी घरीच ठेवा.