बरीराचा नकार

मदिनेच्या गल्ल्यांतून मुगीस रडत फिरत असे, दाढी आसवांनी भिजलेली. त्याची बायको बरीरा गुलामीतून मुक्त झाली आणि मुक्त झालेल्या स्त्रीचा हक्क वापरून तिने त्याला सोडले. प्रेषितांना (स.) त्याची दया आली. तू त्याच्याकडे परत गेलीस तर बरे, असे त्यांनी तिला सुचवले. हा आपला हुकूम आहे का, असे तिने विचारले. नाही, मी फक्त रदबदली करतो आहे, असे ते म्हणाले. मग मला त्याची गरज नाही, असे तिने सांगितले आणि विषय तिथेच संपला.

ही हदीस बुखारीत आहे. जुम्म्याच्या खुतब्यात मात्र मी ती फारशी ऐकलेली नाही. साक्षात प्रेषितांची शिफारस नाकारता येते, तर गल्लीतल्या एखाद्या पोराचा मेसेज का नाकारता येऊ नये? मुगीसच्या रडण्यात मला काही गैर दिसत नाही. तो तिच्या मागे मागे फिरे, ते मात्र आज गैरच म्हणावे लागेल. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणे हा 2013 पासून आपल्याकडे गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येतो.

आमच्या पोरांना नकारापेक्षा दुर्लक्ष जास्त झोंबते. निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही. सर्व्हरने उत्तर दिले नाही की आम्ही इंजिनिअर पुन्हा विनंती पाठवणारा कोड लिहितो. बाईचे गप्प राहणे हा बिघाड नाही, ते उत्तरच आहे. जिने कधी शब्दच दिला नाही, ती यांच्या तोंडी 'बेवफा' होते. मग तिच्या चारित्र्याची चर्चा, फोटो फिरवणे. याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे: 1990 ला उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेत बसलेली मुलगी जाळली गेली, 2020 ला हिंगणघाटमध्ये कॉलेजला निघालेली प्राध्यापिका. हा आजार एका जमातीचा नाही, पण आपल्या घरात झाडू आपणच मारायचा.

आणि घरातले मोठे काय करतात? स्थळाला नकार आला की चारचौघांना घेऊन पुन्हा जातात. "मुली लाजतात, बाजी, जरा समजवा." मुलगा हे ऐकत असतो. मुलीच्या नकाराचे कारण न विचारता सलाम करून उठणारा बाप त्याने एकदा तरी पाहायला हवा. मुलगा रात्री रडला तर रडू द्यावे, मर्द असून रडतोस काय म्हणून हिणवू नये.