हाक आणि हातोडा

महाविद्यालयाच्या वार्षिकात चित्रकथेवर लेख आला म्हणजे काही भुवया उंचावणार, हे गृहीत धरूनच मी लिहावयास बसलो आहे. ‘कॉमिक्स’ म्हणजे तास चालू असताना बाकाखाली धरून वाचायची वस्तू, अशी आपली ठाम समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची आहे असेही मी म्हणणार नाही. पुष्कळशा चित्रकथांत एक दांडगा दुसऱ्या दांडग्याला बडवतो, यापलीकडे काही नसते. परंतु एका चित्रकथेने जो प्रश्न विचारला आहे, तो तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारला असता तर आपण वहीत उतरवून घेतला असता. देव असतील आणि तरीही ते हाकेला ओ देत नसतील, तर त्यांचे करायचे काय? हा तो प्रश्न.

या कथेचा नायक थॉर. हा मूळचा उत्तर युरोपातील नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने ‘एडा’ या ग्रंथात त्याच्या कथा नोंदवल्या. हे देव अमर नाहीत. अंतिम युद्धात थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावले चालून स्वतःही कोसळतो. १९६२ साली अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाने स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांच्या हातून या देवाला चित्रकथेत आणले, आणि पुढची पन्नास वर्षे तो राक्षसांना हातोड्याने झोडपत राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जेसन एरन या लेखकाने आणि एसाद रिबिच या चित्रकाराने ‘थॉर : गॉड ऑफ थंडर’ ही मालिका सुरू केली. तिच्या पहिल्या अकरा अंकांत ही देवहत्येची कथा येते.

कथेत थॉर तीन आहेत. पहिला इसवी सन ८९३ मधला. हा उर्मट, मद्यप्रेमी तरुण असून जादूचा हातोडा उचलण्याची पात्रता अजून त्याच्या अंगी आलेली नाही. दुसरा आजचा. तिसरा दूरच्या भविष्यातला, एका डोळ्याचा, एका हाताचा, ओसाड राजवाड्यात एकटाच उरलेला वृद्ध राजा. तिघांचा शत्रू मात्र एकच, गॉर. ‘देवांचा खाटीक’ हे त्याचे बिरूद. विश्वातील एकूण एक देव मारावयाचा, हे त्याचे व्रत.

मारामारीपेक्षा मला पहिल्या अंकातला एक साधा प्रसंग मोलाचा वाटतो. दूरच्या एका ग्रहावर पाऊस नाही. एक लहान मुलगी प्रार्थना करते. ती थॉरला ऐकू येते. तो त्याच्या भूमीचा देव नाही, त्या लोकांशी त्याचा काही संबंध नाही. तरी तो जातो आणि पाऊस पाडतो. मग तो विचारतो, तुमचे स्वतःचे देव कुठे आहेत? आमचे देवच नाहीत, असे उत्तर मिळते. थॉर शोध घेतो, तेव्हा त्या ग्रहाच्या देवांची प्रेते त्याला सापडतात. संपूर्ण कथेचे बीज या प्रसंगात आहे. देवाचे मोल त्याच्या शक्तीवर ठरत नाही, हाक ऐकून तो उठला की नाही यावर ठरते.

आता गॉरची बाजू पाहू. सहाव्या अंकात त्याचे पूर्वायुष्य येते. रखरखीत ग्रहावर, भुकेच्या छायेत तो वाढला. आई गेली, पत्नी गेली, मुले एकामागून एक गेली. लोक म्हणत, देवावर भरवसा ठेव. अखेर ‘देव नाहीतच’ असे तो बोलून गेला आणि त्याच्याच माणसांनी त्याला हाकलून दिले. पुढे जे घडते ते विलक्षण आहे. आकाशातून दोन देव लढत लढत त्याच्यासमोर कोसळतात. म्हणजे देव होते! गॉरचा संताप पेटतो तो या क्षणी. देव नाहीत असे मानणारा मनुष्य दुःख गिळून जगू शकला असता. देव आहेत आणि ते आपापसांतील भांडणात दंग होते, हे मात्र त्याला सोसवत नाही.

त्या दोघांपैकी एक जखमी देव गॉरकडे मदत मागतो. ज्याची हाक कुणी ऐकली नाही, त्याच्यापुढेच आता कुणीतरी हाक घातली आहे. गॉर तिचे उत्तर काळ्या शस्त्राने देतो. त्याचे दुःख खरे आणि आरोपही खरा, पण पहिल्या परीक्षेत तो त्याच देवांसारखा वागतो.

२०२२ साली आलेल्या ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ या चित्रपटाने नेमकी हीच जागा बदलली. तिथे मुलगी गमावलेल्या गॉरची त्याचा देव टिंगल करतो आणि गॉर त्याला मारतो. क्रिश्चन बेल या नटाने गॉर समरसून उभा केला आहे, यात वाद नाही. परंतु देवच असा हलकट दाखवल्यावर प्रेक्षकाला विचार करावा लागत नाही. चित्रकथेतील देव कण्हत मदत मागतो, म्हणून तिथे आपण अडखळतो.

पुढे गॉर असंख्य देवांना गुलाम करतो आणि सर्व काळातील सर्व देव एकाच वेळी नष्ट करणारा बाँब त्यांच्याचकडून बांधून घेतो. त्या काळ्या शस्त्रातून तो आपली पत्नी आणि मुलगाही पुन्हा निर्माण करतो. ती पत्नी भक्तिभावाने त्याला देव म्हणते. या एका शब्दासाठी तो तिला ठार करतो. देवांचा द्वेष करता करता तो निर्माता झाला, संहारकर्ता झाला, आणि आपली प्रतिमा आरशात दिसताच त्याने आरसा फोडला.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून झटकता येण्यासारखा नाही. थॉर आणि आपला इंद्र यांच्यातील साम्य अभ्यासकांनी पूर्वीच दाखवले आहे. एकाजवळ हातोडा, दुसऱ्याजवळ वज्र. दोघेही गर्जनेचे देव, दोघेही महासर्पाचे शत्रू. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील इंद्रसूक्तात (२.१२) इंद्र कुठे आहे असे विचारणाऱ्यांचा आणि तो नाहीच म्हणणाऱ्यांचा उल्लेख आहे. अर्थात गॉरची शंका बरीच जुनी आहे.

शेवटी तिन्ही थॉर मिळून बाँब निकामी करतात आणि गॉर मारला जातो. हा शेवट मला अपुरा वाटतो. त्यात एक सुंदर कल्पना आहे, हे मान्य. त्या संकटात सर्व काळांतील देव स्वतःच प्रार्थना करू लागतात आणि आजच्या थॉरला ती ऐकू येते. तरीही गॉर मरतो, त्याचा प्रश्न मरत नाही. लेखकालाही हे ठाऊक असावे. कारण २०१४ च्या एका कथेत कुणीतरी थॉरच्या कानात काही कुजबुजते आणि हातोडा त्याच्या हातून गळून पडतो; तो त्याला पुन्हा उचलता येत नाही. ते शब्द काय होते, हे वाचकांना २०१७ साली कळले : गॉरचे म्हणणे खरे होते.

मला हीच या चित्रकथेची खरी समाप्ती वाटते. जो देव ‘आपण पूजेस पात्र आहोत का?’ असे स्वतःला विचारतो, तोच काही अंशी पात्र असतो. बाकीच्यांना हा प्रश्न पडलाच नाही, म्हणून गॉरला इतके बळ मिळाले. हे देवांपुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचे भले करण्याची थोडीफार सत्ता आहे, त्या प्रत्येकाला हा निकष लागू पडतो. सत्ताधाऱ्याला लागू पडतो, गुरूला लागू पडतो, आईबापांना लागू पडतो. आणि उद्या शिकूनसवरून खुर्चीवर बसणाऱ्या तुम्हांआम्हांलाही पडेल. आपल्या दाराशी कुणाची तरी हाक येईलच. ती ऐकून आपण उठलो नाही, तर दारात एक गॉर तयार होईल, आणि त्याला खोटे पाडणारा हातोडा आपल्याजवळ नसेल.