हक्क? ते फेज टू मध्ये बघू

आमच्या धंद्यात 'फेज टू' नावाची एक पवित्र जागा असते. सिक्युरिटी, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन... जे जे कटकटीचं ते ते तिकडे ढकलायचं आणि फेज वनचा केक कापून मोकळं व्हायचं. फेज टू कधी येते, हे आयटीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा.

इस्रायल-पॅलेस्टाईनबद्दल वाचताना मला हे सारखं आठवतं. तिथे गेली तीस वर्षं हाच फंडा चालू आहे. आधी शांतता करू, माणसांच्या हक्कांचं मग बघू. ऐकायला प्रॅक्टिकल वाटतं, पण माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

सप्टेंबर 1993. व्हाईट हाऊसची हिरवळ, राबिन आणि अराफत हात मिळवताहेत, मधे क्लिंटन. फोटो सगळ्यांना आठवतो. पण ओस्लो करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सगळं 'अंतिम टप्प्या'वर ढकललं होतं (घ्या, फेज टू!). पाच वर्षांत सुटेल म्हणाले. दरम्यान वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतवाल्यांची संख्या, पूर्व जेरुसलेम सोडून, साधारण 1 लाख 10 हजारांवरून 2000 सालापर्यंत 2 लाखांच्या घरात गेली. फेब्रुवारी 1994 मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाईन नावाच्या वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर संचारबंदी कुणावर लागली? तिथल्या पॅलेस्टिनींवर. दोन महिन्यांत हमासचे आत्मघाती स्फोट झाले, बसमधली साधी माणसं मेली. ज्याला रस्त्यावर सुरक्षित वाटत नाही, त्याला करारावरच्या सह्यांचं काय कौतुक असणार?

आणि हक्कांचं काय? राबिन यांनी तेव्हा उघडच सांगितलं होतं की हमासला पॅलेस्टिनी पोलीस जास्त चांगलं आवरतील, कारण त्यांच्या डोक्यावर ना सुप्रीम कोर्ट असेल, ना बेत्सेलेम. बेत्सेलेम म्हणजे 1989 साली सुरू झालेली इस्रायली मानवी हक्क संघटना, आपल्याच लष्कराच्या अत्याचारांच्या नोंदी ठेवणारी. म्हणजे शांतता करणाऱ्या माणसालासुद्धा हक्कवाले अडगळ वाटत होते.

राबिन म्हणाले तसंच झालं. अराफत यांनी 1995 मध्ये सुरक्षा न्यायालयं काढली. मध्यरात्री खटला, काही मिनिटांत निकाल. गाझातले वकील राजी सुरानी यांनी त्यावर टीका केली, तर त्यांनाच पकडून नेलं. हे सुरानी आधी इस्रायली तुरुंगात वर्षं काढून आलेले! 1991 मध्ये त्यांना आणि अविग्दोर फेल्डमन या इस्रायली वकिलाला मिळून रॉबर्ट केनेडी यांच्या नावाचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला होता. ओस्लोच्या दोन वर्षं आधी हे दोघं एकाच बाजूला उभे होते, आणि ती बाजू ज्यू किंवा अरब अशी नव्हती. मला त्या हिरवळीवरच्या फोटोपेक्षा ही जोडी जास्त महत्त्वाची वाटते.

आमच्या लंच टेबलवर या विषयाची नेहमी क्रिकेट मॅच होते. कुणी इस्रायलचा, कुणी पॅलेस्टाईनचा. पण एकाच जमिनीवर राहणाऱ्या दोन माणसांना दोन वेगळे कायदे लागतात, हे किती जणांना माहीत असतं? वेस्ट बँकेत वसाहतवाल्याने गुन्हा केला तर तो इस्रायलच्या नागरी न्यायालयात जातो, शेजारच्या गावातला पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयात. आरोपपत्राशिवाय सहा महिने डांबायचं आणि मुदत वाढवत राहायचं, अशीही सोय आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की ही पद्धत वसाहतवाल्यांना यापुढे वापरणार नाही. पॅलेस्टिनींना मात्र चालूच.

इथे लगेच कुणीतरी 7 ऑक्टोबर 2023 काढणार. काढायलाच हवा. त्या दिवशी साधारण 1200 माणसं मारली गेली, 251 ओलीस नेली. मेलेल्यांत बएरी किबुत्झमधल्या 74 वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. बेत्सेलेमच्या संचालक मंडळावर राहिलेल्या, गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली हॉस्पिटलांत सोडणाऱ्या. त्यांना मारणाऱ्यांना 'प्रतिकार' वगैरे शब्द लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सरळ उठतो. आणि त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे, 2025 संपेपर्यंत 70 हजारांवर माणसं मेली, त्याला 'स्वसंरक्षण' म्हणणाऱ्यांपाशीही बसवत नाही. बेत्सेलेमनेच जुलै 2025 मध्ये आपल्या देशाच्या या वागण्याला वंशसंहार म्हटलं. घरच्या माणसांनी हे म्हणायला काय लागत असेल!

आमच्यातला एक जण म्हणतो, "तू म्हणतोस तसं केलं तर सगळ्या खटल्यांचा निकाल लागेपर्यंत युद्धच चालेल." मुद्दा खोटा नाही. युद्ध थांबवायला घाणेरडे सौदे करावे लागतात. ऑक्टोबर 2025 मध्ये ओलिसांच्या बदल्यात कैदी सुटले, त्यात खुनी पण होते. तरी तो सौदा व्हायलाच हवा होता. पण गोळीबार थांबवणं म्हणजे पहिली दुरुस्ती, राव. तेवढ्यावर सिस्टिम चालू झाली असं कुणी म्हणतं का? त्या सौद्यामागे ट्रम्प यांची वीस कलमी योजना होती. तिच्यात शस्त्रं आहेत, मदत आहे, गुंतवणूक आहे. वेस्ट बँकेतल्या वसाहतींबद्दल एक शब्द नाही. पुन्हा फेज टू.

सुरानी यांचं गाझातलं घर ऑक्टोबर 2023 मध्ये बॉम्बने पडलं. ते वाचले, पुढे गाझाबाहेर पडले आणि काम चालू ठेवलं. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने त्यांच्या संस्थेवर निर्बंध लादले. गुन्हा काय, तर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे दाद मागितली. वीस कलमी योजना अमेरिकेने जाहीर केली तीही त्याच महिन्यात.