नोकरी सुटली, पण मालक सुटला का?

एनडीटीव्ही अदानी समूहाच्या ताब्यात जात असताना, 30 नोव्हेंबर 2022 रोजी रवीश कुमार यांनी राजीनामा दिला आणि यूट्यूबवरून बोलणं चालू ठेवलं. देशभरचा प्रेक्षक त्यांच्यामागे आला.

बेळगाव-निपाणीच्या वार्ताहराचं तसं नाही. पगार आणि पीएफ सोडून त्यानं स्वतःचं चॅनेल काढलं, तर जाहिरातीतल्या वाट्यासाठी आधी 1,000 सबस्क्रायबर हवेत, शिवाय वर्षभरात त्याचे व्हिडिओ 4,000 तास पाहिले जायला हवेत. पाणीप्रश्नापेक्षा भांडणाचा व्हिडिओच जास्त चालला, तर उद्या कॅमेरा तिकडेच वळणार. काल संपादक मालक होता, आज व्ह्यूज.

गावची खरी बातमी हवी असेल, तर थोडी वर्गणी आपणच काढायला हवी. नाहीतर तो पुन्हा नोकरी शोधेल.